सेंट अँड्र्यूज येथील माळरानाची विक्री व एका राखीव कलमाचा इतिहास

(१)

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ परगण्यांत सेंट अँड्र्यूज नांवाचें एक जुनें नगर आहे. बाराव्या शतकांत तेथील बिशपानें तें वसविलें; इ. स. १४७२ त तें आर्चबिशपचें ठाणें झालें. आणि स्कॉटलंडांतील सर्वांत जुनें विद्यापीठ पंधराव्या शतकाच्या आरंभापासून तेथेंच नांदत आहे. १५६० च्या धर्मक्रांतीनंतर यात्रेकरूंची वर्दळ थांबली, व्यापार आटला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हें नगर मोठ्या नांवाचें पण रिकाम्या तिजोरीचें होऊन राहिलें. नगराच्या वायव्येस, समुद्र व ईडन नदीचें मुख यांच्या दरम्यान, आंखूड गवताचें वालुकामय माळरान पसरलें आहे. त्यास तेथील बोलींत ‘लिंक्स’ म्हणतात. जगभरचे गोल्फ खेळणारे ज्या भूमीस आपलें आद्यपीठ मानतात ती हीच.

ही भूमि नगराची असतां १७९७ सालीं नगरसभेनें ती विकली, आणि १८९४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें ती नगराकडे परत आली. मधल्या सत्त्याण्णव वर्षांत मालकी परक्याची असूनहि नगरवासी तेथें खेळत राहिले. हें कसें घडलें याचा उलगडा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. सामान्यतः याचें सर्व श्रेय १८२१ सालच्या एका उदार खरेदीदारास देण्यांत येतें. कागदांची संगति नीट लावली असतां त्या श्रेयाचा मोठा वांटा विक्रीच्या दस्तांतील एका कलमाकडे जातो, असें आमचें मत आहे.

(२)

स्कॉटलंडांतील सनदी नगरास ‘बरो’ म्हणत. त्याचा कारभार नगरसभा पाही. सभेच्या मुख्यास ‘प्रोव्होस्ट’ व त्याच्या खालच्या दंडाधिकाऱ्यांस ‘बेली’ अशी संज्ञा होती. नगराच्या सामायिक मिळकतीस, म्हणजे जमिनी, मासेमारीचे हक्क, गिरण्या, बाजारचे कर इत्यादिकांस, ‘कॉमन गुड’ म्हणत. आपल्याकडे गांवचें गायरान जसें कोणा एकाचें नसून सर्व गांवाचें असतें, तशीच ही कल्पना आहे. १४९१ च्या स्कॉटिश पार्लमेंटच्या कायद्यानें ही मिळकत नगराच्या सामायिक हितासाठींच राखावी, आणि जमिनी व गिरण्या तीन वर्षांहून अधिक मुदतीनें कोणास देऊं नयेत असें ठरविलें होतें. परंतु पुढील शतकांत राजाची परवानगी काढून त्या कायमच्या देण्याचा प्रघात पडला व मूळ कायदा कागदावर राहिला.

याचें कारण नगरसभेच्या घटनेंत सांपडतें. १४६९ च्या कायद्यान्वयें जुन्या सभेनें नवी सभा निवडावी असा नियम झाला. म्हणजे सभासद आपले वारस आपणच नेमीत. नागरिकांस त्यांत बोलावयास जागा नसे. अशा सभेस हिशेब विचारणारा कोणी नव्हता. तीनशें पन्नासांहून अधिक वर्षें ही पद्धति चालली, आणि तिचा परिणाम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उघड झाला. अबर्डीन नगरानें नवे रस्ते व यूनियन स्ट्रीटवरील पूल यांसाठीं काढलेलें कर्ज सुमारें सव्वादोन लाख पौंडांवर गेलें व १८१७ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. त्याच वर्षीं पदावरून उतरणाऱ्या तेथील अधिकाऱ्यांनीं निवडणुकीची पद्धतिच मुळांत सदोष आहे असें जाहीर केलें. राजधानी एडिंबरो हीहि १८३३ सालीं कर्जफेडीस असमर्थ ठरली. सेंट अँड्र्यूज हें यांपेक्षां कितीतरी लहान नगर. पण रोग तोच होता. फरक इतकाच कीं, मोठ्या नगरांस कर्ज मिळे, व लहानास जमीन विकावी लागे.

(३)

अशा विक्रीचा मागोवा घेणाऱ्यास कागदांची परंपरा ठाऊक पाहिजे. प्रथम नगरसभेच्या कार्यवृत्तांत ठराव सांपडतो. त्यानंतर जाहीर लिलांवाच्या शर्ती; लिलांवास तेथें ‘रूप’ म्हणत. तिसरा कागद म्हणजे प्रत्यक्ष दस्त. चौथा ताब्याचा लेख. पूर्वीं जमिनीचा ताबा देतांना त्या जागेवर जाऊन माती व दगड घेणाऱ्याच्या हातीं देत. नोटरी तेथें साक्षीदारांसमक्ष लेख करी. आपल्याकडील सीमेच्या करारांत जें महत्त्व भूमीवर उभें राहून केलेल्या उच्चारास होतें, त्याच जातीचा हा विधि. १८४५ च्या कायद्यानें तो अनावश्यक ठरविला. हा लेख सरकारी नोंदवहींत चढवावा असें १६१७ सालीं ठरलें, आणि नगरांच्या जमिनींसाठीं १६८१ पासून निराळ्या वह्या सुरू होऊन त्या नगर-चिटणिसाकडे राहूं लागल्या. पांचवा कागद खजिनदाराचा हिशेब.

ह्या पांचांपैकीं ठराव व हिशेब हे वाचावयास सोपे असल्यामुळें लेखकांचा भर त्यांवर असतो. ठराव सांगतो कीं जमीन विकली. हिशेब सांगतो कीं पैसे आले. विकतांना काय राखलें, हें मात्र दस्तांतच लिहिलेलें असतें.

दस्ताचा प्रकारहि ध्यानांत घेतला पाहिजे. स्कॉटलंडांत जमीन बहुधा ‘फ्यू’ ह्या पद्धतीनें दिली जाई. घेणाऱ्यानें प्रतिवर्षीं ठराविक आकार द्यावयाचा, जमीन वंशपरंपरा उपभोगावयाची व विकावयाची. देणाऱ्याकडे वरिष्ठ स्वामित्व राहावयाचें. मिराशीशीं याचें कांहीं साम्य दिसतें, पण येथें सर्व शर्ती लेखी असत. त्या दस्तांत स्पष्ट घालून नोंदवहींत चढविल्या म्हणजे मूळ घेणाऱ्यासच नव्हे, तर त्याजपासून पुढें घेणाऱ्या प्रत्येकास त्या बांधीत. हें तत्त्व १८४० सालीं अबर्डीनच्या शिंप्यांच्या संघानें चालविलेल्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें नीट मांडलें. परंतु व्यवहारांत तें त्यापूर्वींच रूढ होतें. सेंट अँड्र्यूजच्या माळरानाचें भवितव्य ह्याच तत्त्वावर लोंबकळत होतें.

(४)

माळरानावरील नगरवासीयांच्या हक्काचा जुना लेख २५ जानेवारी १५५२ चा आहे. त्या दिवशीं प्रोव्होस्ट, बेली व समस्त नगरानें आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांस माळाच्या उत्तर भागांत ससे पाळण्यास संमति दिली. त्या बदल्यांत आर्चबिशपनें जनतेचे हक्क मान्य केले. गुरें चारणें, गवताचीं ढेपळें काढणें, गोल्फ व चेंडू खेळणें, नेमबाजी करणें, हे सर्व हक्क पूर्ववत् चालावेत असें त्यांत नमूद आहे. ह्या लेखाचा एक विशेष असा कीं, ससे व खेळ हे दोन्हीं एकाच कागदांत एकमेकांशेजारीं बसले आहेत. अडीचशें वर्षांनीं त्यांचेंच भांडण न्यायालयांत जावयाचें होतें.

१७५४ सालीं बावीस सरदार व गृहस्थ यांनीं तेथें गोल्फची मंडळी स्थापिली. तीसच १८३४ सालीं चौथ्या विल्यम राजाकडून ‘रॉयल अँड एन्शंट’ हें बिरुद मिळालें. तथापि माळरान मंडळीचें नव्हतें, नगराचें होतें. आणि मंडळीबाहेरचे साधे नागरिकहि तेथें खेळत.

१७९७ सालीं नगरसभेस पैशाची निकड लागली व तिनें हें माळरान देऊन टाकलें. तें केंबोचे जमीनदार टॉमस अर्स्किन, जे पुढें केलीचे अर्ल झाले, त्यांजकडे गेलें. आणि दोनच वर्षांनीं, १७९९ सालीं, गांवचे व्यापारी चार्ल्स व कॅथकार्ट डेम्प्स्टर यांच्या हातीं आलें. नगरसभेची ही कृति समर्थनीय नव्हे. वर्षाच्या नडीसाठीं पिढ्यांची सामायिक मिळकत देणें हें १४९१ च्या कायद्याच्या हेतूस सर्वस्वीं सोडून होतें.

पण त्याच दस्तांत एक राखीव कलम घातलें होतें. त्याचा आशय असा : गोल्फच्या मैदानास कोणतीहि इजा होऊं नये, त्याचा कोणताहि भाग नांगरण्याचा अधिकार कोणाहि मालकास केव्हांहि नसावा, पूर्वींपासून चालत आल्याप्रमाणें तें रहिवाशांच्या व तेथें त्या खेळासाठीं येणाऱ्या इतरांच्या सुखासाठीं व करमणुकीसाठीं संपूर्ण राखलें जावें.

ह्या कलमांतील तीन शब्दयोजना लक्ष देण्याजोग्या आहेत. ‘पूर्वींपासून चालत आल्याप्रमाणें’ हे शब्द नवा हक्क निर्माण करीत नाहींत. ते जुन्या वहिवाटीची कबुली देतात, आणि त्यायोगें १५५२ च्या लेखाशीं नातें जोडतात. ‘रहिवासी व इतर’ ह्या शब्दांनीं हक्क कोणा एका मंडळीचा न राहतां सर्वांचा होतो. ‘कोणाहि मालकास केव्हांहि’ ह्या शब्दांनीं पुढील सर्व खरेदीदार बांधले जातात. विकणाऱ्या सभेला आपण काय गमावीत आहों याची जाणीव नव्हती असें यावरून म्हणतां येत नाहीं. जमीन राखण्याची ऐपत नव्हती म्हणून तिनें निदान वापर राखला.

(५)

डेम्प्स्टरांनीं माळरानावर ससे सोडले. मांस व कातडीं यांचा हा किफायतशीर धंदा होता. सशांनीं बिळें व उकीर यांनीं मैदान पोखरलें, आणि खेळणारे हवालदिल झाले. आतां कलमाची खरी कसोटी लागली. त्यांत नांगराचें नांव होतें, सशांचें नव्हतें. मालकाची भूमिका साधी होती : मीं नांगर घातला नाहीं. खेळणाऱ्यांचा आधार कलमाच्या पहिल्या वाक्यावर होता : इजा कोणत्याहि साधनानें झाली तरी ती इजाच.

खेळणाऱ्यांच्या पक्षाचे एक पुढारी स्ट्रॅविथीचे ह्यू क्लेगहॉर्न हे होते. हे गृहस्थ प्रथम सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठांत प्राध्यापक होते. १७९५ सालीं डचांच्या चाकरीस असलेली स्विस पलटण फितवून इंग्रजांकडे वळविण्याची कामगिरी त्यांनीं केली, व तीमुळें सिंहलद्वीपाचा किनारा इंग्रजांस सोपा गेला. परतल्यावर अशा पुरुषानें सशांविरुद्ध दावा लढवावा हें प्रथमदर्शनीं गमतीचें वाटतें. पण दाव्याचा विषय लहान नव्हता. नगरानें विकलेल्या जमिनीवर नगरवासीयांचा हक्क उरतो कीं नाहीं, हाच तो प्रश्न.

एडिंबरो येथील सेशन न्यायालयाचा कौल १८०५ सालीं खेळणाऱ्यांच्या बाजूनें पडला, व ससे मारण्याची मोकळीक लोकांस मिळाली. माळावर झटापटीहि झाल्या. डेम्प्स्टरांनीं हाउस ऑफ लॉर्ड्सकडे दाद मागितली. १८१३ सालीं लॉर्ड्सनीं अखेरचा निकाल न देतां प्रकरण फेरविचारासाठीं सेशन न्यायालयाकडे परत पाठविलें. ‘डेम्प्स्टर विरुद्ध क्लेगहॉर्न’ ह्या नांवानें हा खटला स्कॉटिश कायद्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. खेळासाठीं परक्याच्या जमिनीवर हक्क असूं शकतो काय, हा प्रश्न त्यामुळें कायदेपंडितांपुढें आला. आणि थोड्याच वर्षांनीं, १८२९ सालीं, त्याच फाइफ परगण्यांतील अर्ल्सफेरी ह्या लहान नगराच्या खटल्यांत नगरवासीयांचा गोल्फचा हक्क मान्य झाला.

(६)

१८२१ सालीं स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनीं माळरान विकत घेतलें. ते स्वतः गोल्फ खेळणारे होते. सशांचा त्रास त्यांनीं संपविला. त्यांच्या औदार्याविषयीं आदर बाळगूनहि दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. एक, वीस वर्षांच्या भांडणानें सशांचा धंदा निर्वेध राहिला नव्हता. म्हणजे ज्या मालमत्तेवर कलमाचें ओझें आहे तीच त्यांनीं घेतली. दुसरें, चीप यांच्या मनांत जरी माळ नांगरण्याचें आलें असतें, तरी दस्त त्यांच्या आड होता. चांगला मालक हा योगायोग होय. कलम हा योगायोग नव्हता.

याच सुमारास नगरांच्या जमीनविक्रीचे नियम बदलले. १८२२ च्या कायद्यानें सामायिक जमिनी देणें तें जाहीर लिलांवानेंच द्यावें असें बंधन घातलें. १८३३ च्या सुधारणेनें सभेनें सभा निवडण्याची जुनी पद्धति मोडून दहा पौंड वार्षिक किंमतीच्या घराच्या धारकांस मताधिकार दिला. त्यानंतर नेमलेल्या राजकीय आयोगानें नगरोनगरचे हिशेब व जमिनी तपासून १८३५-३६ सालीं अहवाल छापले. आजहि ह्या विषयाच्या अभ्यासकास ते अपरिहार्य आहेत.

नव्या घटनेखालीं सेंट अँड्र्यूजनें १८४२ सालीं मेजर ह्यू लायन प्लेफेअर यांस प्रोव्होस्ट निवडलें. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यांतून निवृत्त झालेले अधिकारी. १८६१ सालीं मृत्यु येईपर्यंत ते पदावर होते. रस्त्यांत पुढें आलेले बाहेरचे जिने व ओसऱ्या त्यांनीं मालकांस समजावून, प्रसंगीं दरडावून, काढविल्या. घाणेरडें, पडकें नगर त्यांच्या कारकीर्दींत स्वच्छ व वसतीस योग्य झालें. हिंदुस्थानांतील कमाईनें व शिस्तीनें ह्या नगरास दिलेलें हें एकच देणें नव्हे. तेथेंच जन्मलेले अँड्र्यू बेल यांनीं मद्रासेंतील अनाथ मुलांच्या शाळेंत जी अध्यापनपद्धति बसविली, तिच्याच नांवानें ‘मद्रास कॉलेज’ ही शाळा त्यांच्या देणगींतून तेथें उभी राहिली.

१८५२ सालीं आगगाडी माळाच्या कडेनें नगरांत आली. खेळणारे व पाहुणे वाढले, आणि ज्या वाळूस १७९७ सालीं कोणी विचारीत नव्हतें तिच्या काठच्या घरजागांस मोल चढलें. आतां धोका सशांचा नसून घरें व रस्ते यांचा होता. मैदानालगत घरांसमोरून नगरसभेनें रस्ता काढावयास घेतला तेव्हां पुन्हा खटला झाला, आणि तोहि हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १८८१ सालीं लॉर्ड्सनीं रस्त्यास परवानगी दिली. कारण त्यानें खेळाच्या उपयोगास बाध येत नाहीं. नगरसभेचा विजय झाला खरा, पण निकालाची फूटपट्टी कोणती होती हें पाहावें. खेळास बाध येतो कीं नाहीं, हीच ती. कलमानें चौऱ्यायशीं वर्षांपूर्वीं जो निकष घातला त्याच्याशीं हा निकष जुळतो.

(७)

शतकाच्या अखेरीस चीप घराण्यानें माळरान विकावयास काढलें. १८९३ सालीं गोल्फ मंडळीनें तें विकत घेतलें. पण नगरसभेनें पार्लमेंटकडे धांव घेतली, आणि १८९४ च्या ‘सेंट अँड्र्यूज लिंक्स’ कायद्यानें माळ नगराच्या मालकीचा झाला. किंमत पांच हजार पौंड. मंडळीनें आपल्या खर्चानें दुसरें मैदान करावें व दोन्हीं मैदानांची निगा राखावी असें ठरलें. व्यवस्थापक समितींत मंडळीचे पांच व नगरसभेचे दोन सभासद नेमावयाचे झाले. दुसरें मैदान १८९५ सालीं खुलें झालें. नगरसभेनें तडजोड पत्करली. परंतु जमीन नगराच्या नांवें झाली, आणि रहिवाशांचा खेळण्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकांत आला.

यापुढील इतिहास थोडक्यांत असा. १९७४ सालीं नव्या कायद्यानें व्यवस्था एका विश्वस्तमंडळाकडे गेली. १९७५ सालीं स्कॉटलंडांतील सर्व बरो रद्द झाले. सेंट अँड्र्यूजची सातशें वर्षांहून जुनी नगरसभा त्यांतच संपली, व जमीन क्रमाक्रमानें फाइफच्या परगणासभेकडे आली. २८ नोव्हेंबर २००४ रोजीं सरंजामी भूधारणेची पद्धतिच स्कॉटलंडांत नष्ट झाली, आणि ‘फ्यू’ हा शब्द दप्तरांत उरला. २०१५ च्या कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक सभेनें आपल्याकडील ‘कॉमन गुड’ मिळकतींची यादी करून प्रसिद्ध करावी असें ठरलें. यादी करण्याची पाळी यावी हेंच पुष्कळ सांगून जातें. नगरें बुडालीं तेव्हां कोणती जमीन सामायिक होती व कोणती खरेदीची, हें अनेक ठिकाणीं जुने दस्त काढल्यावांचून कळेना.

(८)

आतां निष्कर्ष. १७९७ ची नगरसभा नागरिकांनीं निवडलेली नव्हती, व तिनें केलेली विक्री नगराच्या हिताची नव्हती. तरीहि ज्यानें दस्ताचा मसुदा केला त्यानें अडीचशें वर्षांची वहिवाट चार ओळींत बांधून ठेविली. ह्या चार ओळींनीं डेम्प्स्टरांचा धंदा अडविला, चीप यांच्या औदार्यास चौकट दिली, आणि नगर मालक नसतांहि नगरवासीयांस हक्कदार ठेविलें. १८९४ सालीं पार्लमेंटपुढें जातांना नगरसभेचे हात अगदीं रिकामे नव्हते, याचें कारण तेंच.

आपल्याकडील कागद जमविणाऱ्यांनाहि यांत घेण्याजोगें कांहीं आहे. दप्तरें चाळतांना ठराव, हुकूम व जमाखर्च यांच्या प्रती आपण उत्साहानें करतों. खरेदीखतांचा व मिरासपत्रांचा मात्र नांव, साल व किंमत एवढाच गोषवारा घेऊन पुढें जातों. गायरानें, देवस्थानच्या जमिनी, पाणवठे व वाटा यांविषयींचे राखीव शब्द बहुधा अशाच खतांच्या शेवटच्या ओळींत असतात, आणि गोषवाऱ्यांत पहिल्यानें तेच गळतात. सेंट अँड्र्यूजच्या विक्रीचा गोषवारा एका ओळीचा होईल : माळरान विकलें. ती ओळ खरी आहे. पण तेवढीच हातीं उरली असती तर पुढील शतकाचा इतिहास कोणासहि लावतां आला नसता. यास्तव खताची नक्कल पुरती करावी, आणि शर्तींचा भाग तर अक्षरशः उतरून घ्यावा.